अळवाखालची टाकी

आजचा विषय संडासाच्या टाकीचा आहे. कुणी जेवायला बसली असेल तर तिने आधी सावकाश जेवून घ्यावं. टाकी काही पळून जात नाही. ती जागची हलत नाही हे खरं, पण ती जागा नेमकी कुठली हे आपल्यापैकी कितीजणींना बोट दाखवून सांगता येईल?

दोन वर्षांपूर्वी मिरगाचे पहिले पाऊस पडले आणि आमच्या गटातल्या एका काकूंच्या दोन्ही नातवंडांना जुलाब सुरू झाले. गावात पाणी तपासायला ज्या पाच बायकांना शिकवलेलं आहे, त्यांतल्या दोघी आमच्याच गटातल्या. त्यांनी काकूंच्या विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी ठिक्कर. विहिरीत टीसीएल टाकली, पाणी उकळून प्यायला सांगितलं, आणि मग प्रश्न उरला की हे येतंय कुठून. टाकी वीस वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती. म्हणून तालुक्याहून उपसायची गाडी बोलावली. ड्रायव्हरने नळी खाली ओढली आणि विचारलं, "झाकण कुठाय?" घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. टाकी बांधून घेतली होती सासऱ्यांनी, ते आता नाहीत. गवंडी मुंबईला निघून गेलेला. मधल्या काळात खळ्यावर दोनदा कोबा घातला गेला. तीन ठिकाणी कोबा फोडून पाहिला, टाकी काही लागली नाही. गाडीवाला भाडं घेऊन परत गेला.

शेजारच्या पडवीत बसलेल्या आजी हे सगळं बघत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "आळवाखाली बघा गो. उन्हाळ्यात सुद्दा थंय आळू सुकना नाय."

खणलं, तर हातभर खाली झाकण. झाकण बाजूला केलं आणि दिसलं की टाकीला तळच नाही. जांभ्यात खड्डा मारून चारी बाजूंनी चिरे रचलेले आणि वर लादी टाकलेली, एवढंच. विहीर तिथून सात मीटरवर.

तेव्हापासून आमचा गट वाडीतल्या टाक्यांचे नकाशे काढतो आहे, आणि तेही संगणकावर. कोकम आणि पापड करणाऱ्या बायकांना हे कुठून सुचलं, असं आम्हाला विचारतात. त्याचं उत्तर थोडं लांबचं आहे. आमच्यातल्या दोघी-तिघींनी बीएला इतिहास घेतला होता. त्यात पानिपत होतं, फ्रेंच राज्यक्रांती होती. संडास कुठेच नव्हता. तो आम्ही नंतर आपला आपण वाचला. त्यातलं जे आमच्या कामी आलं ते आज सांगतो.

सुरुवात फ्रान्सचीच आहे, पण राज्यक्रांतीच्या खूप नंतरची. १८६०च्या दशकात वेसूल गावच्या ज्याँ-लुई मूरास नावाच्या गृहस्थांनी घराजवळ जमिनीत एक बंद टाकी बांधली. घरातला मैला आणि पाणी तिच्यात जायचं, आणि वरचं पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं. बऱ्याच वर्षांनी टाकी उघडून पाहिली तेव्हा अपेक्षा होती की ती काठोकाठ गाळाने भरलेली असणार. गाळ अगदीच थोडा निघाला. मॉइन्यो नावाचे एक धर्मगुरू विज्ञानावर लिहीत असत; त्यांनी हा प्रकार जगापुढे आणला आणि १८८१ मध्ये मूरास यांनी पेटंट घेतलं. टाकीचं नावच होतं 'आपोआप उपसणारी'. ते नाव आजही लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. टाकी आपोआप रिकामी होते, तिला हात लावायची गरज नाही, हे आम्ही घरोघरी ऐकतो.

टाकीत नक्की काय होतं ते दुधाच्या पातेल्यावरून समजून घेता येतं. जड ते तळाशी बसतं, तो गाळ. तेलकट, हलकं ते वर साय होऊन तरंगतं. मधलं पाणी बाहेर जातं. हवा नसलेल्या त्या अंधारात जगणारे जिवाणू गाळ खात राहतात, म्हणून तो कमी होतो. कमी होतो, संपत नाही. दोन-तीन वर्षांनी तो काढावाच लागतो, नाहीतर गाळ आणि साय मिळून मधल्या पाण्याची जागा खातात आणि मैला तसाच बाहेर पडायला लागतो. दुसरी गोष्ट आम्ही प्रत्येक सभेत दोनदा सांगतो: टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी ते रोगजंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यात आणि तिथून मातीत गेल्यावरच हळूहळू निवळतं. टाकी अर्धं काम करते, उरलेलं अर्धं माती करते. आणि आमच्याकडे माती आहे कुठे? हातभर मातीखाली जांभा, आणि जांभा म्हणजे भोकांचा, भेगांचा दगड. त्यात पाणी गाळलं जाण्याआधीच पुढे निघून जातं.

पुढे १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मोठी झाकलेली टाकी बांधली. तिला 'सेप्टिक टँक' हे नाव त्यांनी दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजवणारा. त्या टाकीत तयार होणाऱ्या वायूवर तिथे दिवेही लावले होते.

आणि मग ही टाकी चक्क आपल्या मुंबईत आली, तेही दोनच वर्षांत. माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रम होता. तो १८९० मध्ये उभा केला मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने आहे. हेच अ‍ॅकवर्थ मराठी पोवाड्यांचे वेडे होते. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर जुने पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. पोवाडे जमवणारा माणूस आणि संडासाची टाकी एका गोष्टीत येतील असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. तर या माटुंग्याच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करायची सोय केली होती आणि त्या वायूवर इंजिन चालवलं जात होतं. गोबर गॅस आपल्याकडे फार उशिरा आला असं आपण समजतो. त्याची ही थोरली बहीण प्लेगच्या दिवसांतल्या मुंबईत होती. महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पुढे पूर्वेकडच्या शहरांच्या सांडपाण्यावर पुस्तकं लिहिली.

आम्हाला यातली एक गोष्ट अजून सलते. ज्यांना गावाने आणि घराने बाहेर काढलं, त्या लोकांच्या वसाहतीत मैला माणसाने उचलायची गरज उरली नव्हती. आणि आश्रमाबाहेर, शिकल्या-सवरल्या शहरात, टोपलीचे संडास चालूच होते. मुंबईतल्या जुन्या चाळींचे नकाशे बघा. दोन इमारतींच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळ काढलेला असतो, ती हाऊसगल्ली. माणसाने मागून येऊन टोपली उचलावी आणि कुणाच्या नजरेला न पडता निघून जावं, यासाठीही ती वाट होती. म्हणजे नकाशा काढणाऱ्याने त्या माणसाचा विचार केला होता. त्याला कुठून न्यायचं याचा विचार केला होता, त्याने हे काम का करावं याचा नाही.

शब्दही बघा गंमतीचा आहे. जुन्या मराठीत संडासाला 'शेतखाना' म्हणत. शेताशी त्याचा काही संबंध नाही. मूळ फारसी सेहतखाना, आरोग्याचं घर. आमच्या आज्यांना घरही नव्हतं आणि आरोग्यही. अंधार पडला की पाणंदीकडे जायचं आणि उजाडण्याआधी परत यायचं. मधल्या वेळात कळ आली तर दाबून ठेवायची. त्याचे आजार त्यांनी अंगावर काढले.

आमच्या सिंधुदुर्गाचा या इतिहासातला वाटा मोठा आहे, आणि तो सांगताना आम्ही जरा ताठ बसतो. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं भंगीकाम आपल्याला करू द्यावं अशी त्यांनी मागणी केली. ते काम ठरावीक जातीच्याच कैद्यांनी करायचं असा तिथला शिरस्ता, म्हणून त्यांना नकार मिळाला. अप्पांनी अन्न कमी केलं. ही बातमी कळल्यावर डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपास सुरू केला, आणि सरकारने लक्ष घालायचं कबूल केल्यावर तो सुटला. आपल्याला हे काम नको म्हणून भांडलेली माणसं पुष्कळ असतील. हे काम आपल्याला द्या म्हणून उपाशी राहिलेला माणूस आमच्या कणकवलीचा. पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला आणि तिथे मैल्याचं खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. गोपुरी संडास या नावाने तो ओळखला गेला.

त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. सफाई कामगार कसे राहतात, कसं काम करतात ते पाहायला. १९७० पासून बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांचा संडास पसरवला: एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत खत तयार. गाडी नको, माणूस आत उतरायला नको. सरकारी योजनांनी हाच संडास सांगितला, पण आमच्याकडे लोकांना खड्डे लहान वाटतात. टाकी मोठी बांधली की निदान आपल्या हयातीत बघावं लागणार नाही, असा हिशोब. काकूंच्या सासऱ्यांनी तोच केला होता, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबर निघाला.

१९९३ मध्ये आणि मग २०१३ मध्ये कायदे झाले. माणसाकडून मैला उचलून घेणं आणि त्याला साधनांशिवाय टाकीत उतरवणं हा आता गुन्हा आहे. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारात, टाकीत मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते, यावरूनच काय ते कळतं. टाकीतला वायू वासाने सावध करेल असं कुणी समजू नये. त्यातला एक वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो.

आता टाकीचा हिशोब. भारतीय मानक २४७० हे १९६३ चं, १९८५ मध्ये सुधारलेलं. त्याप्रमाणे पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. वर साधारण एक फूट मोकळी जागा. बघा किती लहान! लोक बांधतात खोलीएवढी, आणि तळ घालायला विसरतात. त्याच मानकात लिहिलंय की शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा. १८ मीटर म्हणजे साधारण साठ फूट. जांभ्यात तेवढंही कमी पडू शकतं, म्हणून आम्ही १८ ला शेवटची मर्यादा धरतो, त्याच्या आत यायचं नाही.

हे १८ मीटर कागदावर पाहायचे तर नकाशा हवा, आणि नकाशाचा इतिहासही आपल्या मातीतलाच आहे. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड साहेबाने जमिनीच्या मोजणीचं काम सुरू केलं, विंगेट त्याच्या जोडीला आला, आणि ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे आपला गुंठा. गावनकाशावर देऊळ आलं, ओढा आला, वाट आली, विहीर आली. सरकारला सारा हवा होता, त्यामुळे ज्याच्यावर सारा लागतो त्याची रेघ काटेकोर. घराच्या मागे काय आहे याच्याशी सारा वसूल करणाऱ्याला कर्तव्य नव्हतं.

पुढचे नकाशे शंभर-सव्वाशे वर्षं हातानेच निघाले. फळा, टी-स्क्वेअर, शाईचं पेन, ट्रेसिंगचा कागद. एक रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची. निळ्या प्रती निघायच्या त्या जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या रसायनाच्या युक्तीने. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पडद्यावर प्रकाशाच्या पेनने चित्र काढायचा प्रोग्रॅम केला, स्केचपॅड नावाचा. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि इंजिनिअरांची फळी हळूहळू अडगळीत गेली. पण ते महाग. १९९९ मध्ये क्यूकॅड निघालं, आणि त्याच्या मोकळ्या आवृत्तीतून पुढे लिब्रेकॅड. ते फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतं, आणि आडव्या-उभ्या रेघा, गोल, मापं यापलीकडे आमची काही मागणीच नाही. आमच्यातल्या एका सुनेने आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं होतं. लग्नानंतर पाच वर्षं त्याचा काही उपयोग नव्हता. तिने आम्हाला शिकवलं. रविवारी दुपारी, शाळेच्या संगणकावर.

यात पहिली गोष्ट आवडली ती अशी की पडद्यावर सगळं खऱ्या मापाचं असतं. भिंत नऊ मीटर वीस सेंटीमीटर असेल तर तेवढाच आकडा टाकायचा. कागदावर लहान करणं हे छापतानाचं काम. दुसरी गोष्ट म्हणजे थर. काचेच्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात तसे. घर एका थरावर काळं, विहिरी दुसऱ्यावर निळ्या, पाइप आणि टाकी तिसऱ्यावर लाल. आम्ही आपला एक चौथा थर वाढवला, त्याला नाव दिलं 'आठवण'. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितलेलं सगळं त्यावर तुटक रेघेने: इथे अळू फोफावतं, इथे पावसात जमीन दबते, इथे पूर्वी पाण्याची डबकी होती. खणून खात्री झाली की रेघ अखंड करायची आणि लाल थरावर न्यायची.

सापडलेलं झाकण पुन्हा हरवू नये याची युक्ती आठवीच्या भूमितीतली आहे. घराचे दोन कोपरे धरायचे. टेपने प्रत्येक कोपऱ्यापासून झाकणापर्यंतचं अंतर मोजायचं. काकूंच्या घरी एक आलं ६.४ मीटर, दुसरं ५.१. पडद्यावर त्या दोन कोपऱ्यांवर तेवढ्या त्रिज्येचे दोन गोल काढले की ते जिथे छेदतात तिथे झाकण. छेद दोन मिळतात, पण दुसरा स्वयंपाकघरात पडत होता, तेव्हा निवड सोपी गेली.

मग विहिरीभोवती १८ मीटरचा गोल काढला. तो पडद्यावर उमटला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. सहा गुंठ्यांची जागा, त्यातली निम्म्याहून जास्त गोलाच्या आत. नवा शोषखड्डा टाकायला जागा उरली ती पुढे, रस्त्याच्या बाजूला. ए-फोर कागदावर हा गोल शंभरास एक या मापात मावत नाही. दोनशेस एक केलं तर बरोबर बसतो. हे आम्हाला दोन कागद वाया घालवल्यावर कळलं.

ठेकेदाराने आधीच एक नकाशा आणून दिला होता, शिक्क्यासकट. पुढे कळलं की वाडीतल्या सगळ्या घरांना त्याच नकाशाची झेरॉक्स गेली आहे. घर कुणाचं कुठे तोंड करून असो, उत्तर दिशेचा बाण सगळ्यांवर एकाच बाजूला. त्यात काकूंची विहीर होती. शेजारच्यांची विहीर नव्हती, कारण नकाशा कुंपणाशी संपत होता. आम्ही ती काढायला गेलो तर आजींचे चिरंजीव टेप बघूनच भडकले. आमची विहीर तुमच्या कागदावर कशाला? उद्या हद्दीचं भांडण काढाल! त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. कोकणात सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात आणि एका रेघेवरून भाऊ भावाशी बोलत नाहीत. आम्ही नकाशाच्या खाली ओळ घातली: हा नकाशा पाणी व टाकीपुरता आहे, हद्दीचा पुरावा नाही. आणि त्यांची प्रत त्यांच्या हातात दिली. मग त्यांनी विहीर मोजू दिली, टाकीही मोजू दिली.

त्यांच्या विहिरीचा गोल काढल्यावर काकूंना पुढच्या बाजूला मिळणारी जागा आणखी आक्रसली. उरला तो तुळशीजवळचा तुकडा. तिथे संडासाचं पाणी? सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. शेवटी तुळस दोन हात सरकवली, भटजींना विचारून, आणि शोषखड्डा तिथेच झाला. टाकी मागेच बांधली, पण तळ आणि आतून गिलावा घालून, पाणी भरून दोन दिवस ठेवून, गळत नाही बघून. पाइपला पन्नासास एक उतार धरला. कागद सपाट असतो आणि आमची वाडी उताराची, म्हणून उतार लेव्हलच्या नळीने मोजून नकाशावर बाणाने दाखवतो. जुना खड्डा गाडीने उपसून मातीने भरला.

उन्हाळ्यात बाटली काळी झाली नाही. आम्ही लाडू वाटले. श्रावणात पुन्हा काळी झाली.

नकाशा उघडून बसलो. काकूंच्या विहिरीचा गोल कुंपणापलीकडे जातो हे आम्ही बघितलं होतं, पण पलीकडे त्याच्यात काय येतं हे बघायचं मनावर घेतलं नव्हतं. आजींच्या घरची टाकी, चिरंजीवांनी स्वतः मोजून दिलेली, काकूंच्या विहिरीपासून अकरा मीटरवर. शिवाय चढाच्या बाजूला. हे त्यांना जाऊन सांगायचं कोणी? नुकते कुठे बोलायला लागले होते. आम्ही गटाच्या सभेत दोन आठवडे या एकाच गोष्टीवर बोललो. गेलो ते छापलेला नकाशा घेऊन, आणि आधी आजींकडे. त्यांना दिसतं कमी. सुनेने त्यांचं बोट धरून निळ्या गोलावरून फिरवलं. आजी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हंजे तेंची पोरां आमच्यामुळां आजारी पडली?"

आम्ही सांगितलं की जुना खड्डाही होता, एकट्या तुमच्यामुळे असं म्हणता येणार नाही. ते खरंही आहे. चिरंजीव म्हणाले, पैसे नाहीत. तेही खरं. गटातून आजींच्या सुनेच्या नावाने कर्जाचा अर्ज या महिन्यात आला आहे. तिचे हप्ते नियमित आहेत, तेव्हा अडचण येऊ नये. नव्या शोषखड्ड्याची जागा त्यांच्या कलमाच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात तुटक रेघेने काढून ठेवली आहे. दोन्ही विहिरींच्या गोलांबाहेर ती येते, पण तिथून खालच्या बाजूला तिसऱ्या घराची विहीर आहे, आणि ते घर दिवाळीपर्यंत बंद असतं. तोवर काकू पाणी उकळतात.

ज्या गटांना हे काम करून बघायचं असेल त्यांनी तीस मीटरची टेप आणावी, पाच मीटरची चालत नाही. झाकणं उचलायला पहार लागते, पण उघड्या टाकीवर वाकायचं नाही, आत डोकावायला काडी पेटवायची नाही आणि कुणालाही आत उतरवायचं नाही. नकाशाच्या दोन प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून एक मीटरच्या पेटीत आणि एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची, गाडीवाला आला की पहिली त्याच्या हातात द्यायची. आणि मोजायला निघण्याआधी घरातली जी सगळ्यात म्हातारी असेल तिच्याशेजारी जरा वेळ बसायचं. आमच्या वाडीतली सहा घरं अजून बाकी आहेत, त्यातल्या दोन घरांत आता सांगायला कुणी नाही. तिथे आम्ही पुढच्या मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, हिरवं काय दिसतं ते बघायला जाणार आहोत.